धावपट्टीचे काम सुरू, विमाने आपल्या छपरावर: ‘वेबट्रॅक’ किती कामाचे?

धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद झाली म्हणून विमाने कमी होत नाहीत. ती दुसऱ्या धावपट्टीवर जातात आणि त्यांचा आवाज दुसऱ्या वस्तीवर जातो. कालपर्यंत ज्या गल्लीत विमान आले तरी कोणी मान वर करत नव्हते, तिथे एका सकाळपासून दर दोन-तीन मिनिटांनी खिडकीच्या काचा थरथरू लागतात. विमानतळाला विचारले की ‘तात्पुरते काम आहे’ असे उत्तर मिळते. ते खरेही असते. पण किती विमाने सरकली, किती उंचीवरून जातात, कोणत्या तासांत जातात आणि काम संपल्यावर ती परत गेली का, यातले काहीच त्या उत्तरातून कळत नाही.

ही माहिती काढायला सामान्य रहिवाशाच्या हाताशी तीन साधने आहेत: विमानतळाभोवतालच्या विमानांच्या वाटा आणि आवाज दाखवणारे वेबट्रॅक, विमानांचा माग दाखवणारे फ्लाइटरडार२४ आणि नायॉश या अमेरिकी संस्थेचे आयफोनवरचे ध्वनिमापक ॲप. हे परीक्षण मुख्यतः वेबट्रॅकचे आहे. बाकीची दोन त्याच्या उणिवा भरण्यापुरती येतील. निवाडा आधीच सांगायचा तर, धावपट्टीच्या कामात वेबट्रॅकइतके उपयोगी साधन रहिवाशांना दुसरे नाही. मात्र ते काम सुरू होण्याच्या आधी उघडले पाहिजे. आवाज सुरू झाल्यावर उघडले तर त्याचा निम्मा उपयोग गेलेला असतो.

वेबट्रॅक म्हणजे काय

एन्व्हायरोसूट या कंपनीची ही सेवा आहे. त्याआधी ती ब्रूएल अँड केअरच्या नावाने चालत असे. विमानतळ किंवा हवाई वाहतूक यंत्रणा ती विकत घेते आणि लोकांसाठी फुकट खुली ठेवते. ऑस्ट्रेलियात एअरसर्व्हिसेस ही हवाई वाहतूक संस्था ती चालवते. टोरोंटो पिअरसन आणि व्हँकुव्हर या विमानतळांनीही ती वापरली आहे. ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो. त्यावर येणारी आणि जाणारी विमाने वेगवेगळ्या रंगांत सरकताना दिसतात. विमानावर क्लिक केले की त्याचा प्रकार, उड्डाण क्रमांक आणि उंची कळते. ध्वनिमापक केंद्रे गोल खुणांनी दाखवलेली असतात आणि त्यांतला डेसिबलचा आकडा सतत बदलत राहतो. सुरक्षेच्या कारणाने चित्र काही वेळ उशिरा दिसते, पण मागची तारीख आणि वेळ टाकून तोच तास पुन्हा चालवता येतो. ही पुन्हा चालवण्याची सोय हाच या साधनाचा प्राण आहे.

तुमच्या विमानतळाकडे वेबट्रॅक नसेल तर त्याच्या संकेतस्थळावरच्या ध्वनी विभागात पाहा. दुसऱ्या कंपनीचे असेच काही साधन बहुधा असते. खाली सांगितलेली पद्धत तिथेही चालेल.

आधी कळू द्या की आवाज सरकतो कसा

साधन उघडून नुसत्या रेषा पाहिल्या तर काहीच हाती लागत नाही. काय शोधायचे ते आधी ठाऊक हवे.

विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरते आणि उडते. धावपट्टीचे आकडे हे तिच्या चुंबकीय दिशेचे अंश दहाने भागून आलेले असतात. म्हणून ०९ म्हणजे पूर्वेकडे तोंड आणि त्याच पट्टीचे दुसरे टोक २७ म्हणजे पश्चिमेकडे. पश्चिमेचा वारा असेल तर विमाने २७ वर उतरतात, म्हणजे पूर्वेकडच्या वस्तीवरून येतात. हे ध्यानात घेतले नाही तर वारा बदलल्यामुळे झालेला बदल बांधकामाच्या खात्यावर लिहिला जातो. तक्रारींमधली सर्वांत नेहमीची चूक हीच.

बांधकामामुळे होणारा सर्वांत मोठा बदल म्हणजे समांतर धावपट्ट्यांपैकी एक बंद होणे. एक हिशेब करून पाहू. बहुतेक विमाने ३ अंशांच्या उताराने खाली येतात, म्हणजे दर नॉटिकल मैलाला साधारण ३१८ फूट. धावपट्टीच्या उंबरठ्यावरून, म्हणजे जिथून उतरण्याची पट्टी सुरू होते तिथून, ती सुमारे ५० फुटांवरून जातात. तेव्हा उंबरठ्यापासून ३ नॉटिकल मैलांवर, म्हणजे साडेपाच किलोमीटरवर, विमान साधारण १,००० फुटांवर असते. तुमचे घर आजवर त्या वाटेच्या १,५०० मीटर बाजूला होते आणि दुसरी धावपट्टी नेमकी तुमच्या डोक्यावरच्या रेषेत आहे, असे समजा. वाहतूक तिकडे सरकली की विमानाचे तिरपे अंतर १,५३० मीटरवरून ३०५ मीटरवर येते. नुसत्या अंतराच्या फरकानेच आवाज १४ डेसिबलने वाढतो. १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते.

आता दुसरे टोक पाहा. धावपट्टी पूर्ण बंद न करता उंबरठा ३०० मीटर आत सरकवला, तर त्याच घरावरून विमान सुमारे ५० फूट अधिक उंचीवरून जाईल. आवाजातला फरक अर्ध्या डेसिबलहूनही कमी. तो कानाला कळणार नाही. उंबरठा सरकवल्याने आवाज कमी होईल असे माहितीपत्रकात लिहिले असेल, तर ते उतरणाऱ्या विमानांपुरते खरे आहे, पण इतकेच.

उड्डाणाचे गणित वेगळे आहे आणि ते सहसा कोणी समजावून सांगत नाही. धावपट्टी लांब असेल आणि विमान फार जड नसेल तर वैमानिक इंजिनांचा पूर्ण जोर लावत नाहीत. इंजिनाची झीज वाचते म्हणून मुद्दाम कमी जोराने उडतात. कामामुळे धावपट्टीचा काही भाग वापरता येईनासा झाला की ही सवलत आटते आणि जोर वाढवावा लागतो. त्यातच धाव सुरू करण्याची जागा पुढे सरकली असेल तर विमान पुढच्या वस्तीवर पोचेपर्यंत पूर्वीइतके वर चढलेले नसते. जोर जास्त आणि उंची कमी, म्हणजे दोन्हीकडून मार. म्हणून धावपट्टी आखूड केल्याच्या काळात उड्डाणाच्या बाजूच्या वस्तीने विमानांच्या उंचीवर विशेष नजर ठेवावी.

आणखी एक बदल शांतपणे होतो. उंबरठा हलला की विमानाला उताराची वाट दाखवणारा रेडिओ अँटेना जुन्याच जागी राहतो, म्हणून तो बंद करावा लागतो. मग विमाने उपग्रहावर आधारलेल्या पद्धतीने किंवा डोळ्यांनी पाहून उतरतात. उपग्रहाच्या पद्धतीत सगळी विमाने एकाच अरुंद रेषेवरून येतात, तर डोळ्यांनी उतरताना वळणे पसरतात. पहिल्यात मोजक्या घरांना सगळे सोसावे लागते. दुसऱ्यात आजवर शांत असलेल्या भागांतही विमान ऐकू येते. वेबट्रॅकवर तासभराच्या रेषा पाहिल्या तर हा फरक लगेच दिसतो. त्यासाठी आकड्यांचीही गरज पडत नाही.

वापरायची पद्धत

काम सुरू होण्याआधीचे निदान दोन आठवडे पाया म्हणून धरा. त्यांत दोन्ही दिशांच्या वाऱ्याचे दिवस यायला हवेत. सगळे चोवीस तास पाहत बसू नका, कारण ते कोणाकडूनही तडीस जात नाही. रोजचे तीन तास ठरवा: सकाळी ६ ते ७, दुपारचा एक तास, रात्री १० ते ११. प्रत्येक तासासाठी पाच गोष्टी लिहा: कोणती धावपट्टी आणि कोणते टोक, उतरणारी किती, उडणारी किती, घरापासून एक किलोमीटरच्या आतून गेलेली किती, आणि त्यांतली सर्वांत खालची उंची. घराची जागा नकाशावर एकदाच नोंदवून ठेवली की अंतर पाहायला सोपे जाते. पुन्हा चालवण्याचा वेग वाढवला तर एक तास पाच-सात मिनिटांत उरकतो.

उंचीचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे की जमिनीपासूनचा, हे साधनाच्या मदत पानावर आधी पाहा. समुद्रसपाटीपासूनचा असेल आणि तुमचे घर २०० फूट उंचीवर असेल, तर १,००० फूट दिसणारे विमान प्रत्यक्षात तुमच्यापासून ८०० फुटांवर आहे. तक्रारीत चुकीचा आकडा गेला की पुढची सगळी पाने कोणी गंभीरपणे वाचत नाही.

मग नोटॅम काढा. वैमानिकांसाठी निघणाऱ्या या सूचनांत धावपट्टी कधी बंद आणि कधी सुरू हे नेमके लिहिलेले असते. ‘बी’ या खान्यात सुरुवात आणि ‘सी’मध्ये शेवट असतो. वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटे अशी प्रत्येकी दोन आकड्यांची माळ असते. २५०३१०२२३० म्हणजे १० मार्च २०२५, २२:३०. ही वेळ नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. स्थानिक वेळेत बदलायला विसरलात तर सगळी तुलना काही तासांनी चुकते. ‘सी’पुढे ‘ईएसटी’ असेल तर शेवटची वेळ अंदाजाची आहे असे समजा. रोज ठरावीक तासच बंद असेल तर ते ‘डी’ खान्यात सापडते.

काम सुरू झाल्यावर तेच तीन तास, तेच वार आणि शक्य तितका तसाच वारा असलेले दिवस निवडून पुन्हा मोजा. ‘मंगळवारी पश्चिमेच्या वाऱ्यात सकाळी ६ ते ७, आधी ४, आता २३’ असे वाक्य विमानतळाच्या ध्वनी विभागाला टाळता येत नाही. ‘आवाज असह्य झाला आहे’ हे तितकेच खरे असले, तरी त्याला ठरावीक छापाचे उत्तर येते.

कुठे कमी पडते

सर्वांत मोठी उणीव नकाशावरच्या त्या गोल खुणांची आहे. ध्वनिमापक केंद्रे नेहमीच्या वाटांखाली कायमची बसवलेली असतात. बांधकामामुळे विमाने दुसरीकडे वळली की नेमक्या नव्या वस्तीत केंद्र नसते. मग नकाशावर जुन्या वाटेखालचे केंद्र छान शांत दिसते आणि जिथे आवाज गेला तिथला आकडाच नसतो. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, केंद्रांच्या जागांचा आहे. पण लोक त्याच नकाशावरून निष्कर्ष काढतात. म्हणून काम सुरू होण्याआधीच फिरते मापक केंद्र लेखी मागा. केंद्राचा आकडा वाचतानाही लक्षात ठेवा, की त्यात रस्त्यावरची मोटार किंवा भुंकणारे कुत्रेही असू शकते.

जमिनीवरचा आवाज वेबट्रॅकवर दिसतच नाही. धावपट्टी बदलली की विमानांची जमिनीवरून चालण्याची (टॅक्सीची) वाट, रांगा, उतरल्यावर उलट्या जोराने ब्रेक लावण्याची जागा, सगळेच बदलते. रात्रीचे डांबर खरवडणारे यंत्र आणि रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकची टिक-टिक वेगळीच. यांची नोंद हाताने वहीत करण्याला पर्याय नाही.

लष्करी आणि सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक उड्डाणे गाळलेली असतात. काही छोटी विमाने ओळख न दाखवता जातात. इतिहास किती मागे जातो, हे प्रत्येक विमानतळागणिक वेगळे असते. म्हणून पडद्याचे चित्र तारीख-वेळेसह त्याच आठवड्यात जतन करून ठेवा.

काही ठिकाणी वेबट्रॅकच्या जोडीला ‘माय नेबरहूड’ हा भाग असतो. तो महिन्याभराच्या उड्डाणांचे पट्टे आणि रोजची सरासरी दाखवतो. वाहतुकीच्या वाटा समजायला तो फार छान आहे, पण बांधकामासाठी वापरताना जपून वापरावा. काम महिन्यातले दहाच दिवस चालले तर सरासरीत ते विरघळून जाते.

हाच घोटाळा सरकारी मोजमापांतही आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. वर्षभराच्या सरासरीत संध्याकाळ आणि रात्रीच्या आवाजाला जादा वजन देतात: युरोपीय एलडेनमध्ये संध्याकाळी ५ आणि रात्री १० डेसिबल, अमेरिकी डीएनएलमध्ये रात्री १०. तरीही ती सरासरीच. एका वस्तीवर तीन महिने १० डेसिबलने आवाज वाढला आणि बाकीचे नऊ महिने पूर्वीसारखेच गेले, तर वर्षाचा आकडा ५ डेसिबलनेच वाढतो. एकच महिना असेल तर साडेदोनही नाही. विमानांची संख्या दुप्पट झाली तर फक्त ३. म्हणून सरासरीबरोबर संख्या मागा: ७० डेसिबलच्या वर गेलेली रोजची विमाने किती? याला एन७० म्हणतात. झोपेच्या तासांसाठी एन६०. हा आकडा कोणालाही समजतो आणि त्यात लपवाछपवी करायला जागा कमी.

पायाभूत काळ चुकीचा निवडला तर काय होते, याचे ऑस्ट्रेलियातले ब्रिस्बेन हे चांगले उदाहरण आहे. तिथली ३,३०० मीटरची नवी समांतर धावपट्टी १२ जुलै २०२० रोजी सुरू झाली. तेव्हा महामारीमुळे आकाश जवळजवळ रिकामे होते. त्या महिन्यांत वेबट्रॅक पाहणाऱ्याला नव्या वाटा दिसल्या असत्या, पण त्यांवरची गर्दी दिसली नसती. वाहतूक परत आली तेव्हा खरा भार कळला. तिथे रात्री समुद्राच्या बाजूनेच येण्याची आणि त्याच बाजूने जाण्याची पद्धत आहे, पण शेपटीकडून येणारा वारा आणि वाहतूक मर्यादेत असेल तेव्हाच ती वापरता येते. म्हणून ‘विमाने समुद्रावरून जातील’ असे आश्वासन मिळाले, तर वर्षातल्या किती तासांत, हे विचारावे. लंडनच्या हिथ्रोवरही असेच: पश्चिमेच्या वाऱ्यात दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी बदलते आणि एका बाजूला अर्धा दिवस उसंत मिळते. एक धावपट्टी बंद असेल तेव्हा ही उसंत द्यायला दुसरी पट्टीच उरत नाही.

जोडीला फ्लाइटरडार२४

वेबट्रॅक जिथे नाही तिथे हे कामाला येते. विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा सतत प्रसारित करतात आणि जगभरच्या हौशी लोकांचे रिसीव्हर ती पकडतात. चित्र जवळपास लगेच दिसते. फुकटात मागचे सात दिवस पाहता येतात. जास्त मागे जायचे तर वर्गणी.

त्यातली उंची मात्र डोळे मिटून घेऊ नका. विमान जी उंची प्रसारित करते ती १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावर धरलेली असते. त्या दिवशी हवेचा दाब १००३ असेल तर विमान खऱ्यापेक्षा पावणेतीनशे फुटांच्या आसपास जास्त उंच दिसते. ७०० फुटांवरच्या विमानासाठी ही चूक भयंकर आहे. पडद्यावरचा आकडा दाबानुसार सुधारलेला आहे की मूळ, ते पाहा. मूळ असेल तर विमानतळाच्या हवामान अहवालातला दाब घेऊन दर हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट असा हिशेब करा: दाब प्रमाणापेक्षा कमी असेल तर वजा, जास्त असेल तर अधिक. जमिनीजवळ रिसीव्हरचा आवाका तुटतो आणि शेवटची रेषा अंदाजाने ओढलेली असू शकते, हेही ध्यानात असू द्या. मोजणी आणि धावपट्टीचे टोक यांसाठी हे साधन भरवशाचे आहे, उंचीसाठी दुसऱ्या क्रमांकाचे.

आणि आयफोनचे ध्वनिमापक

नायॉश ही अमेरिकेची कामगार आरोग्य संस्था आहे. तिचे एसएलएम ॲप फुकट आहे, फक्त आयफोनवर चालते आणि त्याची अचूकता अधिक-उणे २ डेसिबल सांगितली जाते. कारखान्यासाठी बनवलेले असले तरी विमानाच्या कमाल आवाजाला चालते. ए वेटिंग (कानाच्या संवेदनेप्रमाणे आवाज तोलण्याची पद्धत) आणि स्लो (संथ प्रतिसाद) निवडा. फोन दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून साडेतीन मीटर दूर ठेवा. भिंतीला चिकटवला तर परावर्तनाने ६ डेसिबलपर्यंत आकडा फुगतो. माइकवर फोमचे टोपण लावा आणि वारा जोराचा असेल तर मोजूच नका. विमानाचा आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा निदान १० डेसिबल वर गेला तरच तो आकडा धरा.

धावपट्टीच्या मागच्या बाजूला राहणाऱ्यांना एक सूचना. उड्डाणाची धाव सुरू होताना येणारी गुरगुर खालच्या पट्टीतली असते. ए वेटिंग ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कापून टाकते. घर हादरते आणि आकडा मात्र साधा दिसतो, तो यामुळे. तिथे खालच्या पट्टीचा आवाज फारसा न कापणाऱ्या सी वेटिंगचेही माप घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. तरी या फोनच्या आकड्याला पुरावा म्हणून फार ओढू नका. कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज देऊन मापक तपासणारे उपकरण) लावून तपासलेले मापक नसेल तर समोरचा माणूस तिथेच बोट ठेवतो आणि वेबट्रॅकवरून काढलेली तुमची पक्की मोजणीही त्याबरोबर वाहून जाते.

धावपट्टी पुन्हा सुरू झाली की बहुतेक लोक मोजणे सोडतात. ते सोडू नका. त्याच तीन तासांची मोजणी पुढचे दोन आठवडे चालू ठेवा. कामाच्या काळात आणलेली उपग्रहाची वाट कधी कधी कायमची छापली जाते. उड्डाण मार्गांचे नकाशे २८ दिवसांच्या चक्रात बदलतात, म्हणून धावपट्टी उघडल्यानंतरच्या पहिल्या चक्राची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी वेबट्रॅकवर सकाळचा ६ ते ७ चा तास पुन्हा चालवून पाहा.